अण्णांच्या खुणा

९ मार्च, रविवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनींना नमस्कार. आईचा गुडघा दुखतो, पण जिना चढते. माझं बाइंडिंगचं काम चालू आहे. सध्या शाळांच्या हजेरीवह्या शिवतोय.

अण्णांना दवाखान्यात नेलं, त्या मंगळवारी सकाळी मी तुझा नंबर लावला होता. पहिली घंटा वाजली आणि मी फोन ठेवला. तोंड धुतलं, देवाचं नाव घेतलं आणि कामावर गेलो. परवा फोनवर तू विचारलंस, "मी बापाला खांदासुद्धा देऊ नये? का नाही कळवलंस?" मी म्हणालो, नंबर लागत नव्हता. ते खोटं होतं.

मेंढीकोटापासूनच सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. रविवारी आपण चौघं खेळायचो. अण्णा आणि मी भिडू, तू आणि वहिनी भिडू. तू म्हणायचास, "धाकट्याचं नशीब बघा! शाळेत गटांगळ्या आणि पत्त्यांत पाचही बोटं तुपात." नशीब नव्हतं, दादा. अण्णांनी चष्मा पुसला की मी इस्पिक टाकायचं, कानाची पाळी ओढली की बदाम. चौथीत त्यांच्याच वर्गात मी नापास झालो, तेव्हापासूनच्या या खुणा. तू सगळीकडे पहिला. मलाही कुठेतरी जिंकता यावं, एवढंच त्यांच्या मनात असेल. मास्तरांनी आयुष्यात एकच लबाडी केली, ती माझ्यासाठी.

त्या रविवारी चारही दश्श्या घेऊन तुम्ही डाव जिंकलात. वहिनी पत्ते पिसता पिसता हसत म्हणाल्या, "अण्णा, किती पुसाल तो चष्मा? काच झिजेल!" त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. पण अण्णांचा चेहरा पडला, आणि ते एकदम ओरडले, "खुणा तू करतेस! बांगड्या वाजवून नवऱ्याला पत्ते सांगतेस. मास्तराच्या घरात लबाडी?" मग माझ्याकडे वळले. "धाकट्या, तू पाहिलंस ना?"

मी हो म्हणालो.

वहिनींनी पत्ते नीट रचून खाली ठेवले. माझी नजर बाइंडरची. एकही कडा पुढे आली नव्हती, एवढंच मला दिसलं. त्यांच्या तोंडाकडे पाहायचा धीर झाला नाही. संध्याकाळी तुम्ही बॅगा भरल्यात. त्याला अकरा वर्षं झाली.

दवाखान्यात अण्णा तीन दिवस एकच म्हणत होते, "थोरल्याला बोलाव. सूनबाईला आण. मला तिच्याशी बोलायचंय." मी सांगायचो, "कळवलंय, निघालेत." वॉर्डात कुणाची चप्पल वाजली की ते उशीवरून मान उचलायचे. मी शेजारी बसून नामस्मरण करत होतो! ते बोलले असते तर माझं 'हो'ही उघडं पडलं असतं, म्हणून मी एका मरणाऱ्या माणसाची माफी अडवली. शेवटच्या दुपारी ते म्हणाले, "रागावलाय तो. येणार नाही." तेव्हाही मी गप्प बसलो. तू आला नाहीस असं समजून ते गेले, दादा.

क्षमा मागायला मला तोंड नाही. एकच कर. हे पत्र वहिनींच्या हातात दे, तोंडी सांगू नकोस.

आज सकाळी आत्या आली होती. ती आणि आई स्वयंपाकघरात बसल्या होत्या. मी दारात उभा राहून सांगितलं, "वहिनींनी काही केलं नव्हतं. मी काही पाहिलं नव्हतं. खुणा अण्णांच्या आणि माझ्या होत्या." दवाखान्यातलंही सांगितलं. आत्या म्हणाली, "गेलेल्या माणसाला कशाला बोल लावतोस रे?" आईनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी त्या पोरीला लबाड म्हणत आले, आणि तू समोर बसून जेवत होतास."

उशिरा खरं बोललेला,
तुझा धाकटा