रिव्हर्स न घेण्यामागचं तत्त्व

२ एप्रिल, सकाळी ९.२०, ऑफिस
आजपासून रोजनिशी. जगात मूर्ख वाढत चालले आहेत, त्यांची कुठेतरी नोंद हवी. पहिला मान दुधाच्या व्हॅनवाल्याचा.

आमच्या घरापासून हमरस्त्यापर्यंत चार किलोमीटरचा रस्ता एका गाडीपुरताच रुंद आहे. मध्ये मध्ये गाडी बाजूला घ्यायला जागा ठेवल्या आहेत. दोन गाड्या समोरासमोर आल्या की ज्याच्या मागे अशी जागा जवळ, त्याने रिव्हर्स घ्यायचा, असा इथला रिवाज. मी रिवाज मानत नाही, तत्त्व मानतो. मी मागे जात नाही. आज व्हॅनवाला अर्धा किलोमीटर मागे गेला. माझ्या मागची जागा वीस पावलांवर होती, पण प्रश्न पावलांचा नाही. जाताना तो काहीतरी बोलला. माझी काच वर होती.

३ एप्रिल
बायको म्हणाली, तुम्हाला रिव्हर्स येतच नाही. बावीस वर्षांच्या संसारानंतर हा विश्वास! येत नाही आणि घेत नाही यातला फरक या बाईला कळत नाही. लायसन्स काय झाडाला लागलं होतं? टेस्टच्या दिवशी इन्स्पेक्टरला घाई होती, त्याने नुसतं सरळ जाऊन थांबायला सांगितलं. तो त्याचा प्रश्न.

५ एप्रिल, रविवार
मागचं कुंपण तोडून दुसरं फाटक बसवून घेतलं. आता एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. याला म्हणतात नियोजन. मध्ये हिचे गुलाब आणि कपडे वाळत घालायची दोरी येत होती, ती काढली. गुलाबही काढले. मुलगी म्हणाली, बाबा, नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तुम्ही तर अंगणच उखडलंत. वय वर्षं सतरा. जीभ आईवर गेली आहे.

९ एप्रिल
गाडी बाजारामागच्या मोकळ्या मैदानात लावतो. तिथून ऑफिसला चालत पंचवीस मिनिटं. ऑफिससमोर जागा असते, पण तिथून निघताना आधी मागे यावं लागतं, आणि ते माझ्या स्वभावात नाही. शिवाय व्यायाम होतो. बुटांचे तळवे गेले. हल्ली बूटही टिकाऊ करत नाहीत, चोर लेकाचे.

१३ एप्रिल, दुपार
मी तक्रार विभागाचा प्रमुख आहे. विभागात दुसरं कोणी नाही, पण प्रमुख तो प्रमुख. आज टेबलावर अर्ज आला : एक राखाडी गाडी अरुंद रस्त्यावर अडून बसते, सगळ्यांचा खोळंबा होतो, दूध नासतं. खाली अकरा सह्या. पहिली व्हॅनवाल्याची. चोराच्या उलट्या बोंबा! सातवी सही फार वळणदार. अगदी तसंच अक्षर आमच्या फ्रीजवर चिकटवलेल्या सामानाच्या यादीत असतं.

शेरा मारला : सखोल चौकशी केली. तथ्य आढळले नाही. फाईल बंद.

रात्री
हिला जाब विचारला. वाटलं, वरमेल. ही म्हणाली, हो, मीच केली सही, आणि पेनसुद्धा माझंच होतं.

१८ एप्रिल
घरात कोणी नसताना रिव्हर्स गिअर तपासून पाहिला. चालू आहे. शेजाऱ्याची पाण्याची टाकी बहुधा आधीपासूनच तडकलेली होती. त्याला तसं सांगितलंही. माणसं किती आवाज चढवून बोलतात! साधी सभ्यता उरलेली नाही.

२१ एप्रिल
मुलीची नर्सिंगची प्रवेश परीक्षा रविवारी आहे. वर्षातून एकदाच होते. नऊच्या ठोक्याला दार बंद, नंतर कोणी आत घेत नाही. ती म्हणत होती, आदल्या दिवशी मैत्रिणीकडे राहायला जाते. बापाची गाडी दारात असताना? मी साफ नाही म्हणून सांगितलं. ही म्हणाली, मग सातला निघू. मी म्हणालो, पाऊण तासाचा रस्ता, पावणेआठला निघालो तरी पुष्कळ. ही म्हणाली, आणि व्हॅन आली तर? मी म्हणालो, मागे जाईल. जातेच.

मुलीने वचन मागितलं, त्या दिवशी वेळ आलीच तर मी मागे जाईन म्हणून. दिलं. वचनाला काय पैसे पडतात?

२६ एप्रिल, सकाळी ७.५८, गाडीत
गाडीतच लिहितो आहे. समोर व्हॅन. व्हॅनच्या मागे ट्रॅक्टर, त्याच्या मागे आणखी दोन गाड्या. आमच्या मागची जागा चाळीस पावलांवर आहे, मुलीने खाली उतरून मोजली. व्हॅनवाला हात जोडतो आहे. नाटकी माणूस. ही माझ्या शेजारी बसली आहे. मुलगी मागच्या सीटवर रडते आहे, बाबा, तुम्ही कबूल केलं होतं म्हणते आहे. दोन माणसं एकदम बोलली की माझं लक्ष उडतं. गिअरला हात लावला होता. पण मागच्या काचेत नुसता खड्डा दिसतो.

ही वही घेऊनच खाली उतरतो आणि त्या चौघांना रस्त्याचे नियम समजावून सांगतो.

८.२५, तिथेच
रस्त्यावर एकटा आहे. घडलं ते असं. मी नियम समजावत असताना ही सरकून माझ्या जागी बसली. एक हात सीटच्या पाठीवर टाकला, मान वळवली आणि गाडी सुतासारखी सरळ मागे नेऊन जागेत उभी केली. व्हॅन गेली, ट्रॅक्टर गेला, दोन्ही गाड्या गेल्या. जाताना प्रत्येकाने हिला हात केला. मग ही मला वळसा घालून समोरून निघून गेली. थांबली नाही. मुलीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

९.१०, घरी
व्हॅनवाला पुढे जाऊन थांबला होता. म्हणाला, चला साहेब, घरी सोडतो. वाटेत कळलं, दोन महिने ही रोज दुपारी डेअरीच्या मागच्या पटांगणात त्याच्याकडे, त्याच्याच व्हॅनवर, गाडी शिकत होती. लायसन्सही काढलं. म्हणाला, ताईंचा हात फार हलका आहे हो. मी खिडकीबाहेर बघत होतो.

दुपारी ३
आल्या दोघी. दार बंद व्हायला सहा मिनिटं असताना पोहोचल्या. मी विचारलं, पेपर कसा गेला? मुलगी म्हणाली, पहिली पंधरा मिनिटं काही लिहिताच आलं नाही. शेवटचे दोन प्रश्न राहिले. इतकंच म्हणाली आणि खोलीत गेली. मला वाटलं ही ओरडेल. ओरडली असती तर उत्तर तयार होतं. हिने किल्ली पर्समध्ये टाकली आणि भाजी निवडायला बसली.

संध्याकाळ
मला रिव्हर्स येत नाही.

लिहिलं एकदाचं. लिहिल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं. लाज वाटते आहे. ते दोन प्रश्न कितीचे होते, हे विचारायचंही धाडस होत नाही. हिला म्हणालो, मला शिकवशील? ही म्हणाली, माझ्यात तेवढा धीर नाही, ज्यांनी मला शिकवलं त्यांना विचारा. मी म्हणालो, त्या माणसाकडे? मेलो तरी जाणार नाही.

२७ एप्रिल
अर्धी रजा टाकून दुपारी डेअरीमागच्या पटांगणात गेलो. व्हॅनवाला म्हणाला, साहेब, आधी मान वळवा. वळवली. मागे बायको आणि मुलगी बघायला उभ्या होत्या, चांगलं शंभर पावलांचं अंतर राखून.