नळीत राहिलेली माती

प्रिय आई,

"मी पाहुणी म्हणून आलेली नाही, मला नदीनं पाठवलंय," असं तू पहिल्या पुराच्या वेळी आमच्या दारात उभी राहून म्हणाली होतीस. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात पिठाचा डबा. रेमीला वाटलं, सासूबाई रागावल्या. मी त्याला आत नेऊन सांगितलं, अरे, ती खुशीत असली की अशीच बोलते. हे त्याला पटायला आणखी दोन पूर यावे लागले.

तेव्हापासून तसंच चाललंय. गावाभोवतीच्या बांधातली रस्त्याची खिंड मातीनं बुजवायची वेळ आली की तू विनिपेगला आमच्याकडे येतेस आणि पाणी ओसरलं की निघतेस. एरवी नाही. नाताळला आम्हीच तिकडे यायचं, तुझ्या वाढदिवसालाही आम्हीच. म्हणून परवा फोनवर तू विचारलंस, "युस्टिना, नीट सांग, पिशवी भरू की कोंबडीची पिल्लं मागवू?" तेव्हा मी, बर्फाची मोजणी पुरी व्हायचीय, म्हणून टाळलं. ती पुरी व्हायची होती, हे खरंच होतं. पण उत्तराचा अंदाज मला आला होता आणि तो सांगावासा वाटत नव्हता.

आता सविस्तर लिहिते, कारण सरकारी पत्रकावर तुझा विश्वास नाही आणि माझ्यावर अर्धाच आहे. गेल्या शरदात पाऊस जेमतेम झाला, त्यामुळे जमीन कोरडीच गोठली. अशी जमीन बर्फ वितळताना बरंचसं पाणी स्वतःच पिऊन टाकते. नदी दक्षिणेकडून आपल्याकडे येते, तिकडचा बर्फ आधी सुटतो, म्हणून मी आधी तिकडे बघते. तिथल्या शेतांत यंदा बर्फातून गव्हाची धसकटं डोकावताहेत, इतका थर पातळ. राहता राहिला एप्रिलचा पाऊस. वितळत्या बर्फावर तो जोरानं कोसळला तर सगळ्यात आधी माझी गणितं वाहून जातात. पण नेहमीच्या दुप्पट पडला तरी यंदा पाणी काठातच राहील, असं दिसतंय.

शेवटची मोजणी तुमच्या गावाजवळच्या कुरणात होती. लांब नळी बर्फात दाबायची, तळाशी जमिनीचा एक घास घ्यायचा, म्हणजे आतला बर्फ निसटत नाही. मग ती माती खरवडून काढायची आणि नळी काट्याला टांगायची. वजनावरून कळतं, त्या बर्फाचं पाणी किती होईल. नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. तर मी पहिली नळी काढली, टांगली, आणि काटा एकदम खाली गेला. मला वाटलं, इथं भरपूर पाणी आहे, आमचं सगळं चुकलं, पूर येणार. आणि आई, तेवढ्या क्षणात मी मनातल्या मनात तुझी खोली आवरायला घेतली. रेमीच्या हॉकीच्या काठ्या बाहेर काढल्या, खिडकीशी खुर्ची लावली. माझा सहकारी लिओनेल नळीच्या टोकाकडे बघत म्हणाला, "बाईसाहेब, माती वितळत नाही हो." मातीचा गोळा तसाच आत होता. परत येताना गाडीत तो सारखा म्हणत होता, "बुलेटिनमध्ये लिहू या, यंदा नदीला चिखलाचा पूर." मीही हसले. माती काढून पुन्हा तोललं होतं. हलकं भरलं.

तर पिल्लं मागव. पिशवी भरायचं कारण नाही.

ज्या बातमीची तुमच्या गावातल्या प्रत्येक घराला धास्ती असते, ती खरी वाटताच मी हरखले होते. मला त्याची लाज वाटली, पण फार वेळ नाही. पाणी मला नकोच होतं. मला आठवत होतं ते तुझं भल्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात ईस्टरचा गोड पाव, पास्का, भाजणं, माझ्या चाकूंना नावं ठेवणं. क्रोकिनोलच्या पाटावर सोंगट्या टिचकावत तू रेमीला हरवायचीस, मग "जावई आहेस, एक डाव सोडते तुला" म्हणून तोही जिंकायचीस. मी कामावरून दमून यायचे, नदीचे आकडे डोक्यात घेऊन, आणि तू काही न विचारता बीटाच्या बोर्श्ट सूपचं भांडं गरम करायला ठेवायचीस. लोकांसाठी ते वाईट वसंत होते. माझ्या वाट्याचे मात्र ते चांगले होते. हे मी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तुला सांगते.

आम्ही मजेत आहोत. काही कमी नाही, कुणी आजारी नाही. खिडकीबाहेर पागोळ्या गळताहेत आणि उद्या मी सही करून जाहीर करणार आहे की यंदा कुणालाही घर सोडावं लागणार नाही. त्याच हातानं हे पत्र लिहितेय. ईस्टरला ये. उगीच कुणाच्या घरी जाऊन बसू नये, असं म्हणशील, आणि फोनवर बोलताना विषय बदलशील, ते मला माहीत आहे. तरी रेमी शुक्रवारी गाडी घेऊन येईल. रस्ता कोरडा असेल. काही कारण नसताना, एकदा, ये.

तुझीच,
युस्टिना