विरजणाचा वंश

सांगली,
दि. ९ डिसेंबर १९९७

तीर्थस्वरूप सौ. राजेश्वरीताई यांस,

देवदत्तचा सविनय नमस्कार. आपले व सुमंतरावांचे प्रकृतिमान उत्तम असावे, अशी आशा करतो. (सुमंतरावांच्या गुडघ्यांविषयी वेगळे विचारत नाही, ते स्वतःच सविस्तर कळवतात.) माझे ठीक चालले आहे. आपली बहीण गेल्यापासून या घरात फारसे काही बिघडत नाही, कारण फारसे काही घडतच नाही. अपवाद एकच. दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी चारुशीलाने लावलेले दही मी संपू दिलेले नव्हते. रोज त्यातलेच चमचाभर कोमट दुधात घालायचे, सकाळी झाकण उघडून पाहायचे, असा माझा क्रम होता. दह्याला रोज 'लागले का?' असे विचारणे निवृत्त मुख्याध्यापकास शोभत नाही, हे मी जाणतो.

गेल्या महिन्यात आपल्या भाचीने, सईने, पुण्याला प्रयोगशाळा पाहावयास बोलावले. घर चार दिवस बंद ठेवायचे, तर विरजण कोणाच्या भरवशावर सोडावे? तानुबाई (धुणीभांडी करतात, आपण त्यांना ओळखता) म्हणाल्या, "आवं काका, द्या की माज्याकडं. लेकरासारखं सांभाळीन." परंतु त्यांच्या घरी तीन मांजरे आहेत. सबब मी ते स्टीलच्या डब्यात भरून, डबा मांडीवर धरून, एस.टी.ने पुण्यास नेले.

सईचे काम मोठे विलक्षण आहे. चपट्या बाटल्यांत, गुलाबी पाण्यात, ती माणसाच्या पेशी वाढवते. त्या दाटल्या की थोड्या काढून नव्या बाटलीत, नव्या खाद्यात सोडते. मी म्हणालो, "सई, हे तर विरजणच." ती हसली. (हसताना ती आता हुबेहूब आईसारखा पदर सावरल्याचा अभिनय करते, अंगात पांढरा कोट असला तरी.) या पेशींतील एखादे जनुक ती गप्प करते. जनुक गाभ्यात बसून हुकूम सोडते. आरएनए नावाचा निरोप्या तो बाहेर नेतो. सई उलट्या अक्षरांचा छोटासा तुकडा आत सोडते, तो निरोपाला जाऊन चिकटतो आणि निरोप वाचलाच जात नाही. जनुक जागेवर शाबूत असते. केवळ त्याचे कोणी ऐकत नाही. (एका निवृत्त मुख्याध्यापकास हे इतके समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.) हे गप्प बसणे कायमचे काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "नाही बाबा, काही दिवसांत तो तुकडा विरतो आणि जनुक पुन्हा बोलायला लागतं." हे वाक्य मी तिला पुन्हा एकदा म्हणावयास लावले.

त्यानंतर जे घडले त्यास माझा चष्मा कारणीभूत आहे. तो पिशवीच्या तळाशी होता, आणि स्टँडवरून थेट आल्यामुळे विरजणाचा डबा त्याच्यावर. त्यापर्यंत पोहोचण्यासाठी मी डबा काढून टेबलावर ठेवला, आणि झाकण निसटले.

"बाबा! दही? इथं?"

दह्यातले जिवाणू बाटलीत शिरले, तर रातोरात साऱ्या पेशी खाऊन टाकतील, असे तिने सांगितले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. हातमोजे घातलेल्या हातांनी तिने डबा उचलला आणि एका यंत्रात ठेवून दार आवळले. ते यंत्र दिसावयास प्रेशर कुकर, स्वभावाने त्याहून कडक. त्यातून जिवंत काही बाहेर येत नाही. 'सई, ते आईचे आहे,' एवढेच मला म्हणायचे होते. परंतु ती आपल्या बाटल्यांकडे अशी पाहत होती की माझा निरोप निघाला, पोहोचला नाही. तिच्या पेशी वाचल्या. डबाही स्वच्छ होऊन परत मिळाला.

सांगलीस येऊन मी विकतच्या दह्याचे विरजण लावले. तानुबाईंनी बोटभर चाखले. "दही झ्याक लागलंय, काका. पर बाईंचं न्हवं." मी त्यांना समजावले की दही हे दहीच असते. शास्त्र समजले की मन स्थिर होते.

आपला लोभ आहेच. तो तसाच असावा.

आपला,
देवदत्त

ता. क. – मन स्थिर होते, हे वरील वाक्य खोडावयाचे होते. परंतु पत्रात खाडाखोड मला आवडत नाही.

ता. क. २ – आपले विरजण आपल्या मातोश्रींपासून अखंड चालत आले आहे, असे आपण नातलगांत सांगता आणि मीही मान डोलावतो. तथापि तीन वर्षांपूर्वी आपण काशीस गेला असता सुमंतरावांनी होते तेवढ्या दह्याची कढी केली. तेव्हा चारुशीलाने माझ्याच हाती, पापडांखाली दडवून, साताऱ्यास विरजण धाडले होते. अर्थात आज आपल्या फडताळात आहे ते तिचेच. हे मी कोणास बोललो नाही, बोलणारही नाही. जनुक शाबूत आहे; निरोप बाहेर जाणार नाही. मला त्यातले चमचाभर हवे आहे. पौषात सई आईच्या वर्षश्राद्धास येईल आणि दहीभात मागेल. त्या यंत्रात तिने स्वतः काय घातले, हे तिला कधीही कळू नये.

ता. क. ३ – रविवारी पहिल्या गाडीने येतो. वाटी आणीन, तीही तिचीच आहे. तोवर सुमंतरावांना कढी करू देऊ नये.