साग्यनची शिट्टी खरी होती

मी, जुनुशाली तुर्दुमामत उलू, वय वर्षे शहात्तर, राहणार कारा-जिल्गा, प्रांत नारीन, तारखात्यातला निवृत्त मिस्त्री आणि या गावच्या रेडिओ मंडळाचा एकेकाळचा प्रमुख, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते हृदयाबद्दल होतं. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको बुरमा, आणि ती दोन वर्षांपूर्वी गेली.

१. राहतं घर, मागची जागा आणि जर्दाळूची झाडं मुलगी आयझादा हिला. रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाचं, हे मला ठाऊक आहे. पण एर्मेक अकरा वर्षं मॉस्कोत आहे आणि छपराचे पत्रे आयझादाने स्वतः वर चढून बसवले. लोक काय म्हणतील, असं एर्मेकने विचारू नये. लोक छपरावर चढले नव्हते.

२. करडा घोडा आणि माझ्या आजोबांचं खोगीर एर्मेकला. घोडा विकला तरी चालेल. खोगीर विकू नये.

३. सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि सुट्या भागांचे डबे शाळेला. माझी मोठी पक्कड सत्त्याण्णव सालापासून मेहुण्याकडे, शारशेनकडे आहे. ती त्यालाच दिली. आता निदान ती चोरीची राहणार नाही.

४. रिसीव्हर. हे कलम लांबेल. ग्रामकार्यालयातल्या गुलसायराने टाईप करताना काटछाट करू नये.

एकोणीसशे चौऱ्याऐंशी साली भौतिकशास्त्राचा तरुण शिक्षक साग्यन माझ्याकडे एक यंत्र घेऊन आला. वडिलांच्या जुन्या युर्तच्या, नमद्याच्या तंबूच्या, माथ्यावरचं गोल लाकडी कडं, म्हणजे घराण्याचं मानाचं तुंदुक, त्यावर तांब्याच्या तारेचे तीनशे वेढे, पुढे तीन ट्रान्झिस्टर आणि हेडफोन. स्टेशन लावायचं बटण नव्हतंच. मला तो बायके म्हणे, थोरला भाऊ या नात्याने.

"बायके, हे अगदी खालच्या लहरी पकडतं. स्टेशन नाही, आभाळच ऐकू येतं. लांब कुठे वीज पडली की कडकडतं, आणि कधी कधी मागोमाग शिट्टी येते. वरून खाली घसरत जाते, बघा."

"तुंदुकला तार गुंडाळलीस? बापाने पाहिलं का?"

"पाहिलं की. दोन दिवस बोलत नाहीयेत."

यंत्र राजधानीला, फ्रुंझेच्या प्रदर्शनाला पाठवायचं तर माझा शिक्का लागत होता, आणि तिथे निवड झाली तर साग्यनला पुढे शिकायला जायला मिळणार होतं. मी यंत्र मंडळाच्या क्लबात तपासलं. क्लबाच्या भिंतीला लागून ट्रान्सफॉर्मर होता. हेडफोनमध्ये विजेच्या तारांची गुणगुण, बाकी काही नाही. असल्या रिसीव्हरची चाचणी तारांपासून चार किलोमीटर लांब घ्यावी लागते, हे मला माहीत होतं. पुन्हा लिहितो, माहीत होतं. घोड्यावर तासाभराची वाट होती. पण मंडळ बारा वर्षं मी चालवलं आणि मला फ्रुंझेहून कधी कोणी बोलावलं नाही. माझ्या पोटात दुखलं.

अहवालात मी लिहिलं, "ऐकू येणारी शिट्टी घोड्यांना पाणी पाजणाऱ्या गुराख्याची असावी. यंत्र अमान्य." पाण्यावर घोडी नेली की आमच्यातलं शेंबडं पोरही तशीच हळू, उतरती शिट्टी घालतं. त्यामुळे सगळ्यांना पटलं. लग्नात, बाजारात, चहाला बसलं की सुरू व्हायचं, "काय मास्तर, प्यायली का घोडी पाणी?" साग्यन कुठेच गेला नाही. माझ्याशी बोलणं त्याने तेव्हापासून टाकलं, त्याला पस्तीस वर्षं झाली. मी समोरून आलो की तो खोगिराचा पट्टा तपासायला लागतो, कधी कधी घोडा बरोबर नसतानाही.

बुरमा गेल्यावर कपाट आवरताना त्याच्या यंत्राची आकृती सापडली. मी ती परत दिलीच नव्हती. गेल्या हिवाळ्यात तिच्यावरून हुबेहूब तसंच यंत्र केलं. आमच्या युर्तचं तुंदुक वापरलं आणि बुरमाच्या कबरीवर जाऊन तिची माफी मागितली. हात थरथरतो, त्यात चार ट्रान्झिस्टर जळाले. घरात लावलं तर तीच गुणगुण. मार्चमध्ये सगळं खोगिराला बांधून वरच्या कुरणावर नेलं. वाऱ्याने कडं जरा हललं तरी कानात गडगड व्हायची, म्हणून चारी बाजूंनी दगड लावून ते पक्कं केलं. पहिल्या दोन पहाटे नुसती कडकड, चुलीत ओलं लाकूड फुटावं तशी. तिसऱ्या पहाटे, उजाडायच्या जरा आधी, शिट्टी आली. लांब, निवांत, वरून खाली. मी हेडफोन काढून मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. कुरणावर गुडघाभर बर्फ होतं. माझा करडा खाली मेंढवाड्यात बांधलेला, आणि गावातलं एकही घोडं अजून वर चढलेलं नव्हतं. मी तिथेच बसलो आणि रडलो. मला फार लाज वाटली.

सबब, हा रिसीव्हर, हेडफोन आणि मूळ आकृती साग्यन आब्दिल्दा उलू यास द्यावी. माझा चौऱ्याऐंशीचा अहवाल खोटा होता, असा कागद माझ्या सहीने ग्रामकार्यालयाच्या फलकावर महिनाभर लावावा.

५. दफन. जनाज्याच्या नमाजाआधी एर्मेक रीतीप्रमाणे जमलेल्यांना विचारेल, "माझ्या बापावर तुम्ही राजी आहात का, मनात काही राग नाही ना?" सगळे म्हणतील, "राजी, राजी." मेलेल्या माणसासमोर दुसरं कोण काय म्हणणार? साग्यन आला, तर त्याला त्या घोळक्यात धरू नये. आधी कलम चार मोठ्याने वाचावं, मग त्याला एकट्याला विचारावं. तो "नाही" म्हणाला, तर कोणी त्याला कोपराने ढोसू नये, मुल्लांनी खाकरू नये. नाही तर नाही. मला तसंच पुरावं. हे जिवंतपणी विचारायची माझी हिंमत झाली नाही. दोनदा त्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. म्हणून या कागदाची नक्कल आयझादाच्या हाती त्याच्याकडे आधी वाचायला पाठवली आहे. त्याचा निरोप आलेला नाही.

वरील सर्व मी शुद्धीत आणि राजीखुशीने लिहिलं.

जुनुशाली तुर्दुमामत उलू (सही)
ग्रामकार्यालय, कारा-जिल्गा. ४ मे २०१९.

साक्षीदार पहिला: काल्यस मामबेत उलू, शेजारी. माझ्यासमोर सही झाली. (सही)

साक्षीदार दुसरा: साग्यन आब्दिल्दा उलू, निवृत्त शिक्षक. बोलावलं नव्हतं, आलो. खिडकीतून सही होताना पाहिली. कागद दोनदा वाचला. लिहिणारा शुद्धीत आहे, पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. गुलसायरा सांगते, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचं कलम बाद होतं. म्हणूनच सही करतो आहे. मेल्यावर मिळालेलं यंत्र मला नको, आणि मेलेल्या माणसाला मी उत्तर देत नसतो. बायके, मी बाहेर पायरीवर बसलोय. राजी आहे की नाही, ते इथे येऊन विचारा. (सही)