ट्रेस करणाऱ्याचा रकाना

३ मार्च, सोमवार

सकाळी नळ आला नाही. दळण आणलं. दुपारी शंतनु आला – अभिचा कॉलेजातला मित्र. तेराव्यानंतर आज पहिल्यांदाच. चहा नको म्हणाला. मग – "काकू, सांगू की नको तेच कळत नव्हतं."

अभि आणि हा, आणखी दहाबारा जण, घरी बसून 'सारस' बनवत. शाळांतल्या जुन्या कंप्युटरांसाठी फुकट सिस्टीम. त्यात जुने प्रिंटर चालवणारा भाग अभिचा. आता 'नॉर्डेन' म्हणून परदेशातली मोठी सिस्टीम आहे, तिनं तो भाग घेतला. घ्यायला हरकत नसते म्हणे. कोणीही घ्यावं. अट एकच – फाईलच्या माथ्यावरची लिहिणाऱ्यांची नावं तशीच ठेवायची. त्यांनी अभिच्या नावाची ओळ उडवली!

"घ्या ना, पण नाव तर राहू द्या! हद है यार –" एवढं बोलून त्यानं जीभ चावली. "सॉरी काकू."

चार वर्षांचे रविवार त्या टेबलाशी गेले. मी विचारायची, यातून मिळतं काय तुला? म्हणायचा, "नाव मिळतं, आई."

४ मार्च

अभिला जाऊन आज पाच महिने. चार दिवसांच्या तापात गेला.

६ मार्च, गुरुवार

मी बत्तीस वर्षं सिंचन खात्यात ट्रेसर होते. दुसऱ्यानं काढलेला नकाशा पारदर्शक कागदावर जसाच्या तसा उतरवायचा. नकाशाच्या कोपऱ्यात तीन रकाने – काढणारा, ट्रेस करणारा, तपासणारा. माझी सही मधल्यात. आमचे ड्राफ्ट्समन संभाजीराव ओरडायचे, "राजलक्ष्मीबाई, मुंगीएवढी सही काय करता! उद्या बांध फुटला तर मला एकट्यालाच धरतील!"

त्या मुंग्या अजून कुठल्या तरी कपाटात असतील. अभिची तर एवढी एक ओळच होती.

शंतनुला फोन केला. म्हटलं, नॉर्डेनला लिही, माझ्या नावानं. मी मराठीत सांगितलं, त्यानं इंग्रजी केलं. "काकू, कडक लिहू?" म्हटलं, कडक नको. खरं लिही.

११ मार्च, मंगळवार

उत्तर आलं. विचारतात – हे सगळ्यांत आधी कोणी लिहिलं, त्याचा पुरावा? शंतनुनं सारसमधल्या तारखा पाठवल्या. खाली माझं वाक्य – हे माझ्या मुलानं लिहिलं आहे.

१३ मार्च

होळी. दार उघडलं नाही. खालच्या मंदाताईंनी पुरणपोळीची पिशवी कडीला अडकवून ठेवली होती.

१९ मार्च, बुधवार

नाव परत आलं. शंतनुनं अक्षरं मोठी करून दाखवली. इंग्रजीत, अभिराम टेंबे. मंदाताई धावत वर आल्या. "जाऊबाईंना फोन करून पण टाकला मी! परदेशात नाव गेलं आपल्या अभ्याचं!" मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. पडद्यावर बोट ठेवलं त्याचा डाग पडला, पदरानं पुसला. पुसताना ओळ पण जाईल की काय, अशी उगाच भीती वाटली.

२५ मार्च, मंगळवार

अभिच्या मेल वाचते आहे. रोज दहाच. एकदम वाचल्या तर संपतील.

आज त्यात गरिमा तोमर हे नाव निघालं. इथून जवळच्या मुरैना गावची मुलगी. तीन मेल, अडीच वर्षांपूर्वीच्या.

पहिली – "अभिराम भैया, ये प्रिंटर वाला हिस्सा मैंने अपने छोटे सिस्टम के लिए लिखा था। आपने जोड़ा बहुत है, पर शुरुआत मेरी थी। ऊपर मेरा नाम था, वापस लगा देंगे?"

अभिचं उत्तर – "अरे हाँ, सॉरी! इसी हफ़्ते लगाता हूँ।"

दुसरी चार महिन्यांनी. उत्तर नाही.

तिसरी – "कोई बात नहीं भैया। मैंने ये काम छोड़ दिया है।"

तिची फाईल सोबत होती. ती आणि अभिची, दोन्ही शेजारी शेजारी लावल्या. त्यातलं मला काही कळत नाही. पण ट्रेस केलेलं कळतं! मध्येच तीन ओळी उगाच कोऱ्या सुटल्यात – दोन्हीकडे, त्याच जागी. त्याच्या खालचं बरंच मात्र एकट्या अभिचं.

चोर नव्हता तो. गॅसची नळी बदल म्हटलं तर दोन वर्षं "उद्या करतो, आई". तसंच हे. पण त्या मुलीनं काम सोडलं. आणि मी लिहून दिलं – माझ्या मुलानं लिहिलं आहे.

कोणाला विचारू? ज्याला विचारायचं तोच नाही.

२६ मार्च, बुधवार

शंतनुला सांगितलं. म्हणाला – "काकू, किसे पता चलेगा? ती पण सोडून गेली. आता लिहिलं तर ते अभिचीच ओळ काढतील... राहू द्या ना." फोनवर रडला. मीही म्हटलं, बरं.

२७ मार्च

जेवण गेलं नाही. दिवसभर त्या तीन कोऱ्या ओळी.

२८ मार्च, शुक्रवार

नॉर्डेनला मीच लिहिलं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मी आधी लिहिलं ते चूक होतं. पहिलं नाव गरिमा तोमर. अभिरामनं पुढचं केलं, त्याचं नाव खाली ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा. तेच सारसला. गरिमाला वेगळं, हिंदीत. तिघांनाही खाली – अभिरामची आई.

मग थाटीपूरच्या बाजारात जाऊन गॅसची नळी आणली. स्वतःच बसवली. जोडावर साबणाचं पाणी लावून बघत बसले. एकही बुडबुडा आला नाही.