विरोधकांनी आधी बोलायचं

जबलपूर,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मनीषा,

अनेक आशीर्वाद. वर्ध्याची थंडी काय म्हणते? इकडे मी स्वेटरवर शाल पांघरून हिंडते आणि तब्येत इतकी ठणठणीत की माझी मलाच शंका यावी.

बातमी अशी की मी पुन्हा विद्यापीठात जाऊ लागले आहे. राज्यशास्त्र विभागाचं जुनं दफ्तर लावायला त्यांनी आम्हा माजी विद्यार्थ्यांना बोलावलं. आलो दोघंच, मी आणि आमच्या वर्गातले नीलकंठ. एकाने कागद वाचायचा, दुसऱ्याने चिठ्ठी लिहून गठ्ठ्याला लावायची. ते वाचतात फार छान. बैठकीची साधी सूचनाही ऐकत राहावीशी वाटते. येताना बडा फुहाऱ्याच्या बाजारातून खव्याची जिलेबी आणतात. पण ते असो.

परवा आमच्या अभिरूप संसदेचा फोटो सापडला. मी विरोधी पक्षनेती, दोन वेण्या, आवळलेली मूठ. नीलकंठ पंतप्रधान, चेहरा पडलेला, कारण त्यांचं सरकार मी नुकतंच पाडलं होतं! चिठ्ठीवर फक्त बोलणाऱ्यांची नावं लिहितात. त्यांनी विचारलं, मागे उभा राहून टाळ्या वाजवतो आहे तो कोण? मी म्हटलं, अतुल. तेव्हा नवरा नव्हता, नंतर झाला.

"मग त्यांचं नाव काहून सोडता? लिहा. रेकॉर्डमध्ये पाहिजे."

मी लिहिलं. तुझ्या दादाचं नाव आता विभागात कायमचं राहील. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

काल शेवटचा गठ्ठा बांधला. ते म्हणाले, "काम तर संपून राहिलं, शर्मिलाजी. आता मी कोणाला वाचून दाखवू?"

मी म्हटलं, मला.

मनीषा, आम्ही लग्न करतो आहोत. एवढं लिहायला मला अख्खं पान लागलं बघ. अतुलला जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी खूप खूश आहे.

आमच्या संसदेत रीत होती, मतदानाआधी विरोधकांना बोलू द्यायचं. ते बोलेपर्यंत चहासुद्धा येत नसे. तेव्हा तू ये. रागवायचं असेल तर समोर बसून रागव. मी हो म्हटलं आहे, पण तुझं ऐकल्याशिवाय तारीख धरणार नाही. तोवर जिलेबीही बंद.

आणि एक. मला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारायची नाही.

काल, आज आणि लग्नानंतरही तुझी,
वहिनी