तिसरा नियम उद्या सांगेन

४ मार्च, मंगळवार

ही वही मुकादम होण्यासाठी घेतली. मुकादमाला रोज रिपोर्ट लिहावा लागतो. आमच्या मुकादमाचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, म्हणजे अडचण अक्षराची नाही, सवयीची आहे. सवय सातवीत लागत आली होती, तेवढ्यात शाळा सुटली.

रिपोर्ट. काल दुपारी सव्वातीन वाजता डावरे मिस्त्रींच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं अर्धं. हातात धरायच्या गोल कटरनं. फळी कापून झाली, त्यांनी मशीन घोडीवर, म्हणजे फळी ठेवायच्या लाकडी स्टँडवर टेकवलं, पातं अजून फिरत होतं. पात्याखालचं झाकण, म्हणजे गार्ड, आपोआप मिटायला हवं होतं. मिटलं नाही. मशीन उघड्या पात्यावर चालत गेलं आणि हातावर चढलं.

सगळ्यांच्या आधी मी धावलो. टॉवेल मी गुंडाळला. हात वर धरा, असं मीच ओरडलो. डॉक्टर म्हणाले, ज्यानं हे केलं त्याला अक्कल आहे.

मिस्त्री डावखुरे, म्हणून डावरे. कटर बनतोच उजव्यांसाठी. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी काम केलं, कधी बोललो नाही, पण मनात होतं.

मुकादम म्हणाला, कंपनीचे सेफ्टीवाले साहेब येईपर्यंत रोज सकाळी पाच मिनिटं मशीन कसं वापरायचं ते तू सगळ्यांना सांगायचं, तू डोकं ठिकाणावर ठेवलंस. मी म्हटलं बघतो. आतून बरं वाटलं. मग ज्या कारणानं बरं वाटलं ते आठवलं.

५ मार्च, बुधवार

कटरच्या खोक्यात चित्रांचं पुस्तक सापडलं. एकूण सात नियम. पाठ केले.

सकाळचं भाषण. एक, पात्याला हात लावण्याआधी प्लग काढा. दोन, मशीन दोन्ही हातांनी धरा. चार, पातं फळीपेक्षा थोडंसंच खाली येईल इतकंच ठेवा. रंगारी मागून म्हणाला, तिसरा कुठे गेला? रंगाऱ्याचा कटरशी संबंध नाही, भिंत वाळेपर्यंत त्याला उद्योग नसतो. तो आणि मी एकाच खोलीत राहतो, त्यामुळे त्याला वाटतं मला काहीही विचारता येतं. मी म्हटलं, तिसरा मोठा आहे, उद्या.

तिसरा गार्डचा.

नंतर करून दाखवलं. फळी दोन घोड्यांवर ठेवली आणि बरोबर मधोमध कापायला घेतली. मधे कापली की फळी खचते, पातं चिमटीत सापडतं आणि मशीन मागे उसळतं. हा सहावा नियम. तो मी नंतर सांगणार होतो. मशीन माझ्या पोटापर्यंत आलं. सगळे दोन पावलं मागे सरले. मी म्हटलं, बघितलंत? असं करायचं नाही. मुद्दाम केलं असं वाटलं असेल.

गार्ड दुरुस्त करून आणलाय. आता प्रत्येक कापानंतर मिटतो. टक्. मिस्त्री माप घेण्याआधी जीभ टाळ्याला लावून असाच आवाज करायचे. तोच. दिवसभरात मी चौदा काप घेतले.

६ मार्च, गुरुवार, जेवणाच्या सुट्टीत

संकल्प. १) गॉगल कायम. २) घाई नाही. ३) मशीनशी मनातल्या मनात बोलणं बंद.

गॉगलवर वाफ धरते. वाफेत समोर कोणीतरी वाकून फळी बघतंय असं दिसतं. पुसला की नसतं. गॉगल स्वस्तातला आहे.

चौथा नियम पुन्हा सांगितला, आणि तासाभरानं फळीबरोबर खालची घोडी कापली. पातं फार खाली सोडलं होतं. घोडी मिस्त्रींनी बनवलेली. मुकादम म्हणाला, काय रे सेफ्टी, लाकूड संपलं का? सगळे हसले. मीही हसलो. हसताना टक् झालं. मशीन तेव्हा भिंतीला टेकवलेलं होतं आणि प्लग काढलेला, खाली लोंबत होता, मी दोनदा बघितलं.

तिसरा नियम वेळेअभावी राहिला.

७ मार्च, शुक्रवार

मुकादमानं चहाला सांगितलं. साहेब सोमवारी येणार. ते एकच गोष्ट विचारणार, गार्डमध्ये सापडलेली पाचर कोणी घातली. मिस्त्रींनी घातली असेल तर चूक त्यांची, मग त्यांना घरी पाठवतील. त्यांनी नसेल घातली तर त्यांना स्टोअरमध्ये बसवतील. खुर्ची, चावी, कोण काय नेतो त्याची नोंद. एका हाताचं काम. मिस्त्रींनी दवाखान्यातून तेवढंच मागितलंय. त्यांच्या घरी दुसरं कमावणारं कोणी नाही, हे मुकादमही बोलला. मग बोलला, मशीन ज्याच्या हातात होतं त्याच्याच नावावर जाणार, आपण काय करणार.

पाचरीबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

बारीक पट्ट्या कापताना गार्ड कडेला अडतो. म्हणून लोक त्यात लाकडाची छोटी पाचर ठोकतात, तो उघडा राहतो, काम पटपट होतं. सगळेच करतात. डावरे सोडून. ते म्हणायचे, झाकण बनवणारा वेडा नव्हता. पण साईटवर एक रीत आहे. मशीन दुसऱ्याच्या हातात देताना तोंडानं म्हणायचं, अडवलाय. एवढा एकच शब्द. समोरचा म्हणतो, बरं.

सोमवारी सव्वातीनच्या आधी मी पट्ट्या कापत होतो. ताईचा फोन आला, व्हिडिओवाला. भाचीला पहिला दात आला होता, तो दाखवायचा होता. मिस्त्रींनी मशीन मागितलं. मी एका हातानं दिलं.

मी म्हटलं असणार, अडवलाय. सवयीनं तोंडातून जातंच.

संध्याकाळी

म्हटलं नसेल तरी मान नक्की हलवली. पाचर ज्या बाजूला होती ती बाजू डाव्या हातानं धरणाऱ्याला दिसत नाही. म्हणजे परत तेच, डावखुरेपण.

मान दातासाठी हलवली होती.

८ मार्च, शनिवार

दवाखान्यात गेलो. ठरवून गेलो होतो की पहिलं वाक्य तेच असेल. मिस्त्री, तुमचा काही दोष नाही. तिथून पुढे आपोआप येईल.

सहा केळी नेली. मिस्त्री एका हातानं सोलायला लागले, जमेना. मग मी सोलून दिलं. मग दुसरं. बोलायचं काय ते सुचेपर्यंत सहाही सोलून झाली. ती काळी पडतील हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

मिस्त्री म्हणाले, घोडी कापलीस म्हणे. मी म्हटलं, लहानशी. ते हसले. मग म्हणाले, मला एक सांग, मी पाचर घालतो का रे कधी? मी म्हटलं नाही. ते म्हणाले, मलाही तसंच वाटायचं. पण पाचर निघाली म्हणतात. माझ्याच मशीनमधून निघाली म्हणजे मीच घातली असेल. वय होतं माणसाचं. मी पडल्या पडल्या आठवतोय, हाताला लाकूड लागलेलं आठवत नाही. तू शेजारीच होतास, तुला काही आठवतं?

मी म्हटलं, आठवून सांगतो.

ते म्हणाले, सांग बरं का. स्टोअर मिळालं नाही तरी चालेल, पण मी घातली नाही हे तरी कळू दे. नाहीतर मी स्वतःवर विश्वास कसा ठेवू?

मग माप घेतल्यासारखा जिभेचा आवाज केला. सवयीनं. मी पाणी आणायला गेलो तो परस्पर बाहेर पडलो.

९ मार्च, रविवार

सुट्टी. दिवसभर सोमवारचं बोलणं तयार केलं. तीन प्रकारे. पहिल्यात मी रडतो. दुसऱ्यात रडत नाही, साहेब रडतात. तिसरं छोटं: साहेब, पाचर माझी. हेच घ्यायचं. तीन शब्द, लहान मूलसुद्धा म्हणेल.

खोलीत मिस्त्रींची खाट माझ्या शेजारी आहे. रंगाऱ्यानं तिच्यावर रंगाचे डबे ठेवले. मी उचलून खाली ठेवले. तो म्हणाला, माणूस काय मेलाय का? मी म्हटलं, मग डबे का ठेवतोस? तो म्हणाला, तू का घाबरतोस? मी म्हटलं, घाबरत नाही, शिस्त आहे. मेलेल्याचं भूत होतं हे मी ऐकलं होतं. जिवंत माणूस दवाखान्यात केळं खातोय आणि इकडे खाट करकरतेय, याला काय म्हणतात ते कोणी शिकवलं नाही.

चार वाजता कटरचा आवाज आला. बाहेर जाऊन बघितलं. शेजारचा पंप होता. पंप बंद झाल्यावरही थोडा वेळ आला.

१० मार्च, सोमवार

झालं एकदाचं.

साहेब वेळेवर आले. आधी म्हणाले, तुमचं सकाळचं भाषण ऐकू. मी सातही नियम सांगितले. तिसराही सांगितला. गार्ड कधीही अडवायचा नाही, कोणी अडवला तर त्याच्या हातून मशीन काढून घ्या, तो तुमचा दुश्मन आहे. हे शेवटचं पुस्तकात नव्हतं. आवाज खणखणीत लागला. टाळ्या पडल्या. रंगारी टाळ्या वाजवत नव्हता, पण त्याच्या हाताला रंग होता.

मग पत्र्याच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावलं. माझी पाळी आली. साहेबांनी विचारलं, मिस्त्रींना गार्ड अडवताना पाहिलंत का? मी म्हटलं, पाहिलं नाही. हे खरं आहे. ते म्हणाले, त्यांच्या कामाबद्दल काही? मी म्हटलं, ते डावखुरे होते. फळी ओली होती. दुपारची वेळ होती. हे सगळं खरं आहे. साहेब लिहीत होते. मी ठरवलं, त्यांचं हे वाक्य पुरं होऊ दे, मग आपले तीन शब्द. लिहिताना मधे बोलणं बरं नाही. वाक्य पुरं झालं आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

टोपण लावल्यावर काय बोलणार?

वाचून दाखवलं. कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. मी खाली सही केली. सही छान आली, आजवरची सगळ्यात चांगली.

११ मार्च, मंगळवार

एक लहान अडचण. कटर धरला, दोन्ही हात जागेवर, फळी नीट, गॉगल स्वच्छ. स्विच दाबला गेला नाही. स्विच ठीक आहे. बोट दाबत नाही.

दुपारी डोळे मिटून दाबलं. वायर कापली. साईटवरचे दिवे गेले. वायर नेहमी पाठीमागून घ्यावी, पाचवा नियम.

मुकादम म्हणाला, तुला झालंय काय? मी म्हटलं, झोप कमी आहे. तो बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं ओळखलं. तो म्हणाला, रक्त बघितलंस ना, होतं असं, मऊ मनाचा आहेस.

ताईचा फोन आला. घेतला नाही. आवाज बंद करून खिशात ठेवला तर मांडीवर थरथरत राहिला.

१२ मार्च, बुधवार

उपाय सापडला. बोलता येत नाही तर लिहून द्यायचं. या वहीत सगळं आहेच. सात आणि आठ तारखेची पानं फाडून साहेबांच्या ऑफिसात पाठवायची. काम संपलं.

वाचून पाहिलं. खाडाखोड फार. शिवाय दात, केळी असलं काहीबाही आहे, ते ऑफिसात कशाला? सुवाच्य उतरवून काढतो.

पहिली ओळ तीनदा लिहिली. मा. साहेब यांस. नंतरच्या ओळीत ‘पाचर’ शब्दाशी पेन थांबतं. नवं पेन घ्यायला हवं. उद्या नक्की.

१३ मार्च, गुरुवार

पेन घेतलं. चांगलं चालतं. पेनानं मिस्त्रींच्या घोडीसाठी नवा पाय आखला. कापायला मात्र दुसऱ्याला दिला.

१४ मार्च, शुक्रवार, दुपारी साडेतीन

मुकादमानं सकाळी बोलावलं. म्हणाला, तू मशीनवर राहिलास तर आणखी एकाचा हात जाईल, बहुतेक तुझाच. स्टोअर रिकामं आहे, तिथे बस. तुझं अक्षरही बरं आहे, मी वही बघितली. मी विचारलं, वाचली? म्हणाला, वरवर चाळली, वाचायला कोणाला वेळ आहे?

मी नाही म्हणणार होतो. पण विचार केला, कोणीतरी बसायलाच हवं, भलताच कोणी बसण्यापेक्षा ओळखीचा बरा. मिस्त्रींची जागा राखली जाईल. शिवाय इथून पुढे मुकादमकी जवळ आहे.

सकाळपासून बसलोय. मागच्या फळीवर सहा कटर, सगळ्यांच्या वायरी गुंडाळलेल्या, सगळ्यांचे गार्ड मिटलेले. मी मोजले. तरी पाठ त्यांच्याकडे होत नाही, खुर्ची तिरकी लावली.

आत्ता मिस्त्रींचा फोन आला. आजूबाजूला दवाखान्याचा गलका होता. म्हणाले, साहेब येऊन गेले म्हणे, काय लिहिलं ते मला कोणी सांगत नाही. तुला काही आठवलं का रे? मी म्हटलं, आठवतोय. ते म्हणाले, असू दे, डोक्याला त्रास देऊ नकोस. एवढंच बघून सांग, स्टोअरची जागा अजून रिकामी आहे ना?

मी म्हटलं, विचारून सांगतो.